बाजेवरचा सव्वा महिना

बाळंतिणीनें सव्वा महिना बाजेवरून फारसें उठूं नये, पाणीहि बेतानेंच प्यावें, हा आमच्या कुटुंबांतील जुना दंडक. त्यामागें माया होती. राबणाऱ्या सुनेस तेवढीच विश्रांति मिळे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गेल्या वर्षीं आमची पुतणी बाळंतपणासाठीं पळसदरीस माहेरीं आली, तेव्हां या दंडकाकडे आम्हांस निराळ्या दृष्टीनें पाहावें लागलें.

बारशाच्या गडबडींत तिची डावी पोटरी सुजून ठणकूं लागली. काकू म्हणाल्या, "वात असेल, तेल चोळून शेक द्या." सुदैवानें कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनीं चोळण्यास सक्त मनाई केली. आंतल्या शिरेंत रक्त साकळलें होतें. ती गुठळी सुटून फुप्फुसांत अडकली असती, तर प्राणावरच बेतलें असतें.

गर्भारपणांत रक्त लवकर साकळतें, ही वस्तुतः निसर्गाचीच तरतूद. प्रसूतीच्या वेळीं रक्तस्राव आटोपावा म्हणून. त्यांत गर्भाशयाच्या भारानें पायांतील रक्त मंद वाहतें. डाव्या बाजूच्या शिरेवरून तर धमनीच आडवी जाते, म्हणून तो पाय अधिक वेळां धरतो. दोन्ही पाय सारखे सुजणें पुष्कळदां साधें असतें. एकच सुजला व दुखला, किंवा एकाएकीं धाप लागली, तर मात्र घटकाभरहि थांबूं नये. सर्वांत धोक्याचे दिवस प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांचे. म्हणजे जवळजवळ आमचा सव्वा महिनाच कीं! नेमकें तेव्हांच आम्ही बाईस निजवून ठेवतों आणि तिचें पाणी तोडतों.

कांहींच्या रक्तांत हा दोष उपजतच असतो, कांहींच्या मागाहून येतो. १९८३ सालीं लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनीं वर्णिलेल्या विकारांत गुठळ्या होतात, तसाच गर्भहि पुनःपुन्हां पडतो. "हिच्या पोटीं मूल टिकत नाहीं" म्हणून किती जणींस सवत आली असेल! आज अशांस ॲस्पिरिनची अल्प मात्रा व हेपॅरिन देतात. हेपॅरिनचा शोध १९१६ चा. तें वार ओलांडून गर्भापर्यंत पोंचत नाहीं. वॉरफरीन पोंचतें आणि गर्भास अपाय करतें.

पुतणी तें हेपॅरिन रोज स्वतःच पोटावर टोंचून घेई. काकू तेवढा वेळ देवघरांत जाऊन बसत. डॉक्टरीणबाईंनीं एकदां विचारलें, "घरांत पूर्वीं कोणी बाळंतपणांत अचानक गेलें होतें काय?" काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीं आमच्या थोरल्या आत्याचें नांव घेतलें. तिसऱ्या आठवड्यांत, बाजेवरून उठतां उठतां ती कोसळली होती. तिला बाहेरची बाधा झाली, असेंच घरांत आजवर सांगत.