रावांच्या आधीची जागा

आमच्या आजीला उखाणे नुसते येत नसत, ती ते वाटायची. विंझरला कुणाकडे लग्न निघालं की नवरी मैत्रिणींना घेऊन आधी आमच्या पडवीत यायची. आजी सुपातले तांदूळ पाखडता पाखडता सांगायची, ‘तोरण्याला आलं आभाळ, राजगडावर ऊन, अमुकरावांचं नाव घेते, तमक्यांची सून.’ एकाच लगनसराईत तीन मुलींनी हाच उखाणा घेतला तरी कुणाला वावगं वाटत नसे. अमुक आणि तमुक तेवढे बदलायचे. नाव आखूड असेल तर त्यावर जरा रेंगाळायचं, लांबलचक असेल तर पळायचं, हेही ती म्हणून दाखवायची. बाजारातल्या उखाण्यांच्या पुस्तकात ‘रावां’च्या आधी टिंबं छापलेली असतात. आजीला अक्षरओळख नव्हती, पण टिंबं तिला पाठ होती.

एकदा एका मुलीनं ऐन मांडवात घाबरून दोन्ही जागा उलट्या भरल्या. ‘शिंदेरावांचं नाव घेते, विलासची सून.’ मांडव लोळला. बिचाऱ्या विलासला पुढं कित्येक वर्षं गावात ‘सासरेबुवा’ म्हणत.

मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले आणि १९९८ साली कॉलेजच्या लॅबमध्ये मला ‘मड’ भेटलं. नाव ‘मल्टी यूजर डन्जन’ची आद्याक्षरं जोडून झालेलं, पण भातखाचरात वाढलेल्या मुलीला मड म्हटल्यावर आवणीचा चिखलच आठवणार. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी वाक्यं सरकतात आणि आपणही शब्द टाइप करूनच चालायचं, लढायचं, गप्पा मारायच्या. पहिलं मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं लिहायला घेतलं आणि रिचर्ड बार्टलनं पुढं नेलं. आम्ही खेळायचो ते डिकूमडच्या वाणाचं, म्हणजे मूळ कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं. त्यात मिडगार्ड नावाचं शहर आहे आणि खेळ सुरू होतो तिथल्या देवळात. मला ते लगेच आवडलं. गावाची सुरुवात देवळापासूनच व्हायला हवी.

अडचण व्हायची ती लढाईत. समोर ऑर्क उभा आणि मी ‘किल ऑर्क’ची अक्षरं हुडकतेय, तोवर त्यानं मला दोनदा झोडपलेलं. एका सीनियर मुलीनं मला टिनटिन नावाचा प्रोग्राम दाखवला. खेळ त्याच्यातून खेळायचा आणि लांब हुकमांना आपल्या सोयीची आखूड नावं द्यायची. ‘के’ म्हणजे ‘किल’. आणि कुणाला, तिथं टक्क्याचं चिन्ह आणि एक असं लिहायचं. मग ‘के ऑर्क’ म्हटलं की ऑर्क त्या टक्क्याच्या जागी जाऊन बसतो, ‘के ट्रोल’ म्हटलं की ट्रोल. दुसरा शब्द हवा असेल तर टक्का दोन. मी खुर्चीतच हसायला लागले. टक्का एक म्हणजे विलास, टक्का दोन म्हणजे शिंदे!

पुढं मी व्हेरिएबल शिकले आणि तिथंच फसले. टक्का एक विसराळू असतो; हुकूम संपला की नाव गेलं. व्हेरिएबल लक्षात ठेवतं. ‘टी ऑर्क’ असं एकदा सांगून ठेवायचं, मग मारायचं, ढकलायचं, लाथ घालायची, सगळे हुकूम डॉलरचं चिन्ह लावलेल्या त्या एका जागेत बघून नाव उचलतात. एकेका अक्षरात लढाई. एका संध्याकाळी मी लांबच्या किल्ल्यातल्या पहारेकऱ्यांशी लढत होते, म्हणून जागेत ‘गार्ड’ भरलेलं. जखमी होऊन मिडगार्डला परतले. चौकात एक भुरटा दिसला, मी सवयीनं ‘के’ दाबलं. नेम बदलायचा राहिला होता. चौकात शहराचा पहारेकरीही उभा होता आणि तोही गार्डच. दोन ओळींत माझं प्रेत चौकात पडलं, ढाल-तलवारीसकट. लॅब बंद व्हायची वेळ झाली होती. हॉस्टेलवर जाताना मी पडद्यावरच्या त्या प्रेताच्या काळजीनं खरोखर व्याकूळ होते, हे आज सांगायलाही लाजल्यासारखं होतं.

सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगतात, त्यांच्या पोथीतही अमुकच असतो: अमुक संवत्सर, अमुक गोत्र, अमुक नाव. आमच्या घरात गोत्र कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजी न अडखळता काश्यप म्हणून पुढं जायचे, कारण गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप धरायचं अशी रीत आहे. जागा रिकामी राहिली तर काय भरायचं, याची सोय आमच्या प्रोग्रामांतही करावी लागते.

गेल्या वर्षी पितृपक्षात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलं श्राद्ध विंझरला झालं. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात: वडील, आजोबा, पणजोबा. दादा आपल्या वडिलांचं श्राद्ध करायचे तेव्हा नावं चुकू नयेत म्हणून वहीच्या पानावर त्यांनी ती एकाखाली एक लिहून ठेवली होती. ते पान माझ्या भावानं पुढ्यात घेतलं. गुरुजी म्हणाले, ‘वडिलांचं नाव?’ भावानं पानावरची पहिली ओळ वाचली. ते आजोबांचं नाव होतं.

‘आपल्या वडिलांचं सांगा,’ गुरुजी हळूच म्हणाले.

भाऊ पानाकडं बघत राहिला. दादांच्या अक्षरात सगळी नावं होती, दादांचंच तेवढं नव्हतं. मग पान खाली ठेवून त्यानं ते तोंडानं सांगितलं. आजोबा दुसऱ्या जागेवर गेले, पणजोबा तिसऱ्या. पानावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत गुरुजी आलेच नाहीत.

दुपारी पंगत उठल्यावर मी ते पान उचललं. शेवटचं नाव मी तोवर कधी नीट वाचलंही नव्हतं. एकदा वाचलं, मग आतल्या खोलीत जाऊन आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.