हजेरीपटावरचे आम्ही

आमच्या लहानपणी आठवड्याला वार होते. मंगळवार संत अंतोनीचा, बुधवार निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनाचा, शुक्रवार बिनमटणाचा, शनिवार पापनिवेदनाचा, रविवार मिस्साचा. सोमवार आणि गुरुवार कुणाच्याच वाट्याला आले नव्हते, म्हणून ते अभ्यासाला दिलेले. आता लोणावळ्यात दोनच वार उरलेत, शनिवार आणि रविवार, आणि तेही मुंबईकरांचे. पावसाळ्यात रविवारी चर्चला निघावं तर जुन्या हायवेवर गाड्यांची रांग. रांगेतल्या प्रत्येकाला भुशी धरणावर जायचं असतं आणि जाता जाता चिक्की घ्यायची असते. म्हणून आमच्यातले बरेच जण शनिवारी संध्याकाळीच मिस्सा उरकून घेतात. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. चर्चने ही सोय भाविकांसाठी केली. आमच्याकडे ती ट्रॅफिकच्या कामी येते.

खरं तर आम्ही कॅथलिकही इथले पाहुणेच. आम्हाला रेल्वेने आणलं. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ साली आली, बोरघाट १८६३ साली जोडला गेला, आणि इंजिनांबरोबर ती चालवणारे, दुरुस्त करणारे, झेंडा दाखवणारे आले. त्यांत गोवेकर होते, मुंबईचे ईस्ट इंडियन होते, अँग्लो-इंडियन होते. मागाहून नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं आली, मंगळूरकर आले, आणि १९४५ साली आयएनएस शिवाजी झाल्यावर नौदलातले मल्याळी नि तमिळ. एका छपराखाली पाच-सहा भाषा गुडघे टेकायच्या, असं आज सांगताना फार गोड वाटतं. प्रत्यक्षात पुढच्या बाकांवर कोण आणि मागच्या बाकांवर कोण, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. साहेबी इंग्रजी बोलणारे पुढे, मराठी बोलणारे मागे, आणि रात्रपाळी करून तसेच खाकी कपड्यांत आलेले ड्रायव्हर नि फायरमन दाराशी उभे. कर्जतहून गाडीला मागून रेटत आणणारी बँकर इंजिनं इथे सुटायची. त्यांच्या वेळापत्रकात रविवार हा प्रकारच नव्हता.

आज पुढच्या बाकांवर वीकएंडचे पाहुणे बसतात, तेही हाफ पँटमध्ये. आम्ही त्यांच्या गुडघ्यांकडे पाहतो आणि मनातल्या मनात म्हणतो, पूर्वी असं नव्हतं. नव्हतंच. पूर्वी आम्हाला मागे बसावं लागायचं.

लॅटिन मिस्सा आम्हाला जेमतेम आठवते. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीशी काहीतरी पुटपुटत, घंटी वाजली की आम्ही वाकत असू, पुन्हा वाजली की सरळ होत असू. १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि पाहता पाहता वेदी पुढे आली, फादरांनी तोंड आमच्याकडे केलं, प्रार्थना आमच्या भाषेत आल्या. लॅटिन होती तोवर कळत काही नव्हतं आणि शंका कुणालाच नव्हती. मराठी आली, सगळं कळायला लागलं, आणि प्रवचन लांबलं की घड्याळ बघायचा धीरही आला. आमच्या आयांना हे पटायला वेळ लागला. फादर मिस्सा म्हणतात ते ऐकू येतं, ही त्यांना तक्रारीची बाब वाटे.

उपासाचंही तेच. आमच्या आईवडिलांच्या वेळी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर रात्री बारापासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पाण्याला मुभा मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. म्हणजे आमची पिढी अगदी सवलतीच्या दरात वाढलेली. तरीही मिस्सात घेरी येऊन पडणाऱ्या मोठ्या बहिणींच्या गोष्टी आम्ही अशा सांगतो, जणू पडलो आम्हीच होतो. आता तासाभराचा उपास घरून चर्चला पोचेपर्यंत आपोआप होतो. त्याला उपास म्हणावं की पार्किंग, हा प्रश्नच आहे.

एक गोष्ट मात्र उसनी नाही: धूपदान. जुलैतल्या लोणावळ्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस पडला तरी कुणी भुवई उंचावत नाही. त्या दिवसांत चर्चमधलं सगळं ओलं असायचं. गीतांच्या वह्यांना बुरशी, बाकांना कुबट वास, दाराशी छत्र्यांचा ढीग आणि त्याखाली तळं. अशा हवेत धूपदानातला निखारा पेटवायचं काम वेदीसेवक पोरांकडे. कोळसा सादळलेला, काडी पेटत नाही. मग सॅक्रिस्टीमागच्या पडवीत शेगडी ठेवून आधी नारळाची करवंटी पेटवायची, तिच्यावर कोळसे रचायचे, आणि दोघांनी आळीपाळीने फुंकर घालायची. डोळ्यांत धूर, झग्यावर राख. निखारा लाल झाला की चिमट्याने उचलून धूपदानात, झाकण अर्धं खाली, आणि साखळी धरून व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. थांबलं की विझलंच. कधी ऐन वेळी विझायचंच. फादर चमचाभर लोबान घालत, धूर काही निघत नसे, आणि ते आमच्याकडे असे बघत की सगळी पापं तिथल्या तिथे आठवावीत. आता पटकन पेट घेणाऱ्या कोळशाच्या वड्या मिळतात. काडी लावली की तडतडतात, आणि पाऊस असो नसो, धूर भरपूर. ते पेटवणाऱ्यांत आता मुलीही असतात. १९९४ साली रोमने परवानगी दिल्यावर हळूहळू आमच्याकडेही आल्या. आमच्या बहिणींनी जन्मभर चर्च झाडलं, फुलं लावली, वेदीवरची वस्त्रं कांजी घालून इस्त्री केली, पण मिस्सा चालू असताना वेदीची पायरी चढायची त्यांची छाती नव्हती. धूपदानापाशी मुलगी दिसली की आम्हाला बरं वाटतं. आणि ती फुंकर न घालता ते पेटवते, याचं थोडं वाईटही वाटतं.

शनिवारच्या पापनिवेदनाला रांग असे. पापं ठरलेली: खोटं बोललो, आईचं ऐकलं नाही, भावाला मारलं. दर आठवड्याला तीच. एखाद्या आठवड्यात भावाला मारलं नसेल तर यादी अपुरी वाटायची, म्हणून तेही सांगायचं, आणि अशा रीतीने खोटं बोलल्याचं पापही खरं व्हायचं. प्रायश्चित्त तीन नमो मरिया. जाळीपलीकडच्या फादरांना आवाजावरून पोर कुणाचं ते कळायचं आणि ते कळत नाही असं दोघांनीही धरून चालायचं. आता रांग नसते. मोकळेपणाने बोलायला समुपदेशक आहेत, आणि ते बरंच आहे.

समुपदेशनावरून आठवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आमच्याच गावात, स्टॅनिस्लॉस व्हिलात, फादर अँथनी डिमेलो साधना इन्स्टिट्यूट चालवत होते. देशोदेशीचे फादर नि सिस्टर त्यांच्याकडे शिकायला येत, त्यांची पुस्तकं जगभर खपत. १९८७ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले, आणि १९९८ साली त्यांच्या लिखाणातल्या काही गोष्टी श्रद्धेशी जुळत नाहीत असं रोमने जाहीर केलं. जग लोणावळ्यात श्वासाकडे लक्ष द्यायला शिकत होतं, आणि आम्ही दोन फर्लांगांवर एका श्वासात जपमाळेतल्या दहा प्रार्थनांचं आख्खं दशक संपवायची शर्यत लावत होतो. त्या काळी आमच्यातल्या फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत असेल. आता आमच्या मुली टोरांटोहून ती पुस्तकं पाठवायला सांगतात.

सगळ्यात जास्त आठवते ती हजेरी. धर्मशिक्षणाच्या वर्गात कार्ड असे, दर रविवारी त्यावर शिक्का. शिक्का चुकला की सोमवारी शाळेत विचारणा, कारण शिकवणाऱ्या सिस्टर त्याच. मिस्साला न दिसलेल्या माणसाची चौकशी दुपारपर्यंत त्याच्या दारात पोचायची. आजारी आहे का? ड्युटी आहे का? नवराबायकोत काही झालंय का? तिसऱ्या बाकावरच्या आजीबाई मागे वळूनही न बघता कोण आलं नाही ते सांगत. या चौकशीतून कितीतरी आजाऱ्यांना पेज मिळाली, कितीतरी पोरांच्या फिया भरल्या गेल्या. आणि याच चौकशीने जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलेल्या कितीतरी मुलींना गाव सोडायला लावलं.

त्याहून वाईटही होतं. आत्महत्या केलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. नियमच तसा होता. मग घरच्यांनी 'पाय घसरला' म्हणायचं, फादरांनी ते खरं मानायचं आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या. रुळांशेजारच्या गावात पाय घसरणं अशक्य नव्हतं, एवढीच त्यात सोय. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेतून तो नियम गेला. स्मरणरंजनाच्या बैठकीत ही गोष्ट कुणी काढत नाही. आपापल्या घरातली अशी एक खोली सगळे बंद ठेवतात.

आज कार्ड नाही, शिक्का नाही, आजीबाई नाहीत. तीन रविवार दिसलो नाही तर कुणी विचारत नाही, आणि हे स्वातंत्र्य आम्ही स्वतः मागून घेतलंय. चौकशीचं काम व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपकडे आहे. कुणी गेल्याचं कळलं की अर्ध्या तासात हात जोडल्याची चाळीस चित्रं पडतात. पूर्वी मृत्यूची घंटा वाजली की बायका हातातलं लाटणं तसंच टाकून दाराशी येत, पुरुष सुताराकडे पेटीचं माप घेऊन जात, आणि रात्रभर मयताशेजारी बसून जपमाळ, चहा नि गप्पा चालत. आता मयत शवागारात असतं, कारण मुलाला कॅनडाहून यायला दोन दिवस लागतात. आला नाही तरी तो मोबाइलवर पाहतो. त्या मुलाला नावं ठेवणं सोपं आहे. त्याला तिकडे पाठवायला कर्ज काढणारे आम्हीच.

मोबाइलवर मिस्सा बघायची सवय २०२० ची. मार्चमध्ये दारं बंद झाली आणि आम्ही यूट्यूबवर हिंडायला लागलो. वसईची मराठी मिस्सा, मुंबईची इंग्रजी, एकदा थेट रोमची. प्रवचन कुठलं बरं याची तुलना व्हायला लागली. गुडघे टेकायचे तर कुणापुढे, टेबलावर टेकवून ठेवलेल्या फोनपुढे? काही घरांत टेकले. काही घरांत चहाचा कप हातात होता. दारं उघडली तेव्हा सगळे परतले असं म्हणतात. आमच्या बाकावरून पाहता तसं वाटत नाही.

घरात छापील शब्द यायचा तो 'निरोप्या'चा. १९०३ साली नगरकडे केंदळला फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयांनी सुरू केलेलं हे मासिक. पुढे डोरिंग पुण्याचे बिशपही झाले. दुपारी आई 'निरोप्या' मोठ्याने वाचायची आणि आम्ही संतांच्या छळाचे प्रसंग आवडीने ऐकत असू. उरलेला भाग ऐकल्याचं सोंग. आता मजकूर फोनवर येतो, इतका येतो की सोंगही करावं लागत नाही.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. पाऊस आटपत आलेला, धुकं ओसरत चाललेलं, आणि रोज संध्याकाळी मारियेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी जायची. आपली पाळी यायच्या आठ दिवस आधीपासून घरात धावपळ. भिंतीच्या कोपऱ्याला चुना, शेजारून बाकडी, टेबलावर लग्नातली चादर. एक दशक मराठीत, एक कोकणीत, एक इंग्रजीत, कुणी नौदलातले आले असतील तर एक तमिळमध्ये. शेवटी लांबलचक लितानी, आणि तिच्या मध्यावर स्वयंपाकघरातून उकडलेल्या चण्यांना दिलेल्या फोडणीचा वास. त्या वासाने लितानीचा वेग वाढायचा. तेव्हाच कार्ल्याला एकवीरेचं नवरात्र असायचं. शेजारच्या काकू सकाळी गड चढून यायच्या आणि संध्याकाळी आमच्याकडे झेंडूची माळ घेऊन यायच्या. दोन्ही देवींनी कधी हरकत घेतली नाही. हे सगळं दहा बाय बाराच्या क्वार्टरमध्ये, पस्तीस माणसं कोंबून, लाइट गेलेली असताना. ज्या घरात चण्यांऐवजी केक ठेवला जाई, त्या घराची चर्चा महिनाभर चाले, आणि ज्या घराला चणेही परवडत नसत, ते घर आपली पाळी 'पुढच्या वर्षी' म्हणून टाळत असे. तेही कुणाच्या नजरेतून सुटत नसे.

आता जपमाळ चर्चमध्येच होते, मिस्साआधी, वीस मिनिटांत. यंदा आमच्यातल्या काही साठीपुढच्यांनी उचल खाल्ली. मूर्ती पुन्हा घरोघर न्यायची, असा विषय बैठकीत निघाला आणि एकमताने मंजूर झाला. टाळ्यासुद्धा वाजल्या. मग कागद फिरला, घर नि तारीख लिहायला. पहिल्याने लिहिलं, सोसायटीत बाहेरच्या गाड्या घेत नाहीत, विचारून सांगतो. दुसऱ्याने लिहिलं, लिफ्ट बंद आहे. तिसऱ्याकडे सून घरून काम करते, संध्याकाळी तिच्या मीटिंगा असतात. कागद आमच्याकडे आला तेव्हा एकतीसपैकी चार तारखा भरल्या होत्या, त्या लिहिणारी चारही कुटुंबं तळेगाव एमआयडीसीत नोकरीला आलेली, वर्षा-दोन वर्षांपूर्वीची, भाड्याच्या घरात राहणारी. आम्ही थोडा वेळ पेन हातात धरलं आणि लिहिलं, दसऱ्यानंतर कळवतो.