वैनगंगेपलीकडचे नमोशूद्र बांधव

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करीत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. पुढे मुलचेरा तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे आहेत. घरात बोली बंगाली, शेतात धान, तळ्यात मासळी. खुद्द चंद्रपूर शहरातही ‘बंगाली कॅम्प’ आहे. ही माणसे आली कोठून?

फाळणीने पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या या कुटुंबांना सरकारने 1960च्या दशकात या जंगलभागात वसविले. त्यांत नमोशूद्र पुष्कळ. बंगालमध्ये त्यांना ‘चांडाल’ म्हणून हिणवीत. त्याच समाजात 1812 साली हरिचांद ठाकूर जन्मले. त्यांनी मतुआ पंथ उभारला. पुत्र गुरुचांद यांनी गावोगाव शाळांचा ध्यास घेतला. घरदार सुटले, पण मतुआ संघटन सोबत आले. हरिचांदांच्या जयंतीला डंका वाजतो, कीर्तन रंगते, विखुरलेली कुटुंबे एकत्र येतात.

वाचकहो, या समाजाशी आपले जुने नाते आहे. 1946 साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून घटना समितीत जाता येईना. तेव्हा नमोशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकारी आमदारांनी त्यांना बंगालमधून निवडून दिले.

आज पश्चिम बंगालमध्ये नमोशूद्र अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही. माणूस इकडे आला, त्याची जातही आली, हक्क तेवढा मागे राहिला. तो मिळावा ही त्यांची जुनी मागणी. बाबासाहेबांना घटना समितीत पाठविणाऱ्यांच्या लेकरांसाठी आपणही आवाज द्यायला नको का?