पावलं ओळखणारं गाव

दादरच्या पुलावर संध्याकाळी चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात. जिना चढताना नजर खाली जाते आणि पुढच्या पायरीवरची पावलं दिसू लागतात. बांधकामावरून परतणाऱ्या राजस्थानी बाईच्या घोट्यावरची जाड कडी, तमिळ बाईच्या बोटातली मेट्टी, नव्या नवरीची जोडवी, कुणाच्या कडेवरल्या बाळाचे वाळे. भाषा कानावर पडायच्या आधी मुलूख पायांवरून कळतो. मुंबईचं मुंबईपण मला इथं, या पायऱ्यांवर सगळ्यात खरं वाटतं.

यातलं किती चांदीकाम हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीहून आलेलं असेल! कोल्हापूर जिल्ह्यातलं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं हे गाव. भोवती ऊस, पलीकडे इचलकरंजीचे माग, आणि गल्लीत शिरलं की दारादारातून हातोडीचा बारीक ठोका. चांदी 961 अंशांवर वितळते. मुशीतली चांदी ओतून कांब होते, कांबेची तार होते, पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ती ओढत बारीक करायची. मग कड्या, झाळकाम, घुंगरू, पॉलिश. एका पैंजणाला कितीतरी घरं लागतात. एका घरी कडी वळते, दुसरीकडे जोडली जाते, तिसरीकडे घुंगरू बसतं. हे काम इथं सोनारांपुरतं राहिलं नाही. मराठा, जैन, लिंगायत, धनगर, मुसलमान, सगळ्यांच्या सोप्यात ते पोचलं. केरसुद्धा कुणी उकिरड्यावर टाकत नाही, त्यातही चांदीचा कण असतो.

मला थक्क करते ती इथल्या बायकांची जाण. भाकऱ्या आटोपून, मांडीवर ताट घेऊन कड्या जोडत बसलेली मावशी सांगते, "ह्ये तिकडं मद्रासला जातंय, त्यास्नी नाजूक लागतंय. उत्तरेकडच्यास्नी भरदार पायजे, आन् वाजाया पायजे." तिनं यातला एकही मुलूख पाहिलेला नसेल. तरी तिथल्या बाईला काय आवडतं, सणाला काय हवं, बाळाच्या पायात काय रुतेल, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे. विविधतेचं कौतुक आपण महानगरांच्या नावावर लिहून मोकळे होतो. मला वाटतं, त्यातला मोठा वाटा या सोप्यांचा आहे. दुसऱ्याच्या आवडीनिवडीला आपले डोळे नि बोटं देणं, याहून मोठा शेजारधर्म कुठला?

ते डोळे लवकर थकतात. काम बारीक, मान खाली, आणि झाळकाम करणाऱ्याच्या छातीत धूर जातो. 2025 साली चांदीचा भाव किलोला लाखापलीकडे गेला, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल की हुपरीची चांदी झाली. पण भाव चढला की गिऱ्हाईक हलकं पैंजण मागतं. हलकं करायचं तर तार बारीक होते. कड्या मात्र तेवढ्याच जोडाव्या लागतात, कारण घोट्याचा घेर भावाबरोबर कमी होत नाही. मजुरी वजनावर मोजली, तर तेवढ्याच कष्टाचे पैसे कमी येतात. मुंबईच्या, मथुरेच्या, सेलमच्या पेढीवर पैंजण ताजव्यात पडतं तेव्हा ग्रॅम मोजले जातात. कड्या मोजून मजुरी द्यायला काय हरकत आहे?