खणांचं घर, फुटांचं घर

बीडकडे जुनं घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजायचे. माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, भार लाकडी खांब-तुळयांवर, मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड. त्या जाडीतच कोनाडे, देवळ्या, फडताळं मुरलेली. त्यामुळे जमीन मोकळी राहायची.

1993च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यानं या जड घरांची धास्ती घेतली, आणि ती रास्तच होती. पण स्लॅबच्या घरात भिंत नऊ नाहीतर चार इंची झाली, कोनाडे गेले आणि सामान पलंगाखाली आलं.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच. (आराखडा काढणाऱ्यानं त्यात ज्वारीची पोती एकदा रचून पाहावीत!) धारूर-वडवणीकडचं ऊसतोड कुटुंब दसरा-दिवाळीच्या सुमारास अशाच घराला कुलूप लावून कारखान्याकडे निघतं, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतं. मागे भांडी, गोधड्या, धान्य एका खोलीत कोंबलेलं.

इथं मिस्त्रीची अक्कल कामी येते. दारावर सात फुटांवर माळा. भिंतीला कडप्प्याच्या फळ्या. जिना बाहेरून, त्याखाली न्हाणी. दारासमोर खिडकी ठेवली की वारा आरपार. दार बाहेर उघडलं, तर त्यामागचा कोपरा वापरात येतो. चार इंची भिंतीत मात्र कोनाडा कोरू नये.

उरतो उन्हाळा. माळवद गार राहायचं, स्लॅब तापतो. गच्चीला पांढरा चुना मारणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा करावा लागतो.