एरंडेल: जन्मापासून म्हातारपणापर्यंत

एरंड परसात, उकिरड्याच्या कडेला आणि सावलीसाठी हळदीच्या शेतात वाढतो. पाने पंज्यासारखी, बोंडे बहुधा काटेरी, बिया ठिपकेदार. मूळ ईशान्य आफ्रिकेतले हे झाड भारतात पार रुळले. चरकसंहितेने वातहर औषधांत त्याच्या मुळाला श्रेष्ठ मानले.

जुन्या मराठी घरात एरंडेल माणसाला जन्मापासून भेटे. बाळासाठी काजळ धरायचे ते एरंडेलाच्या दिव्यावर. मूल मोठे झाले, की सुट्टीच्या सकाळी अनशापोटी एरंडेलाचा जुलाब ठरलेला. ते चहातून किंवा सुंठीच्या काढ्यातून पाजत आणि त्या दिवशी मऊ भातच वाढत. संसारात पडल्यावर वर्षाच्या गव्हाला नि तूरडाळीला कीड लागू नये म्हणून तेच तेल चोळले जाई. म्हातारपणी गुडघे धरले, की पानाला तेल लावून, शेकून ते बांधत.

या जुलाबामागचे कारण आता कळले आहे. तेलातला सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. लहान आतड्यात ते मोकळे होते आणि आतड्याच्या स्नायूंना चालना देते. त्यामुळे काही तासांतच पोट साफ होते.

बी मात्र विषारी असते. तिच्यातले रिसिन हे प्रथिन जीवघेणे आहे. ते तेलात विरघळत नाही, पेंडीत उरते, आणि उष्णतेने निकामी होते. घरी तेल काढताना बिया भाजत, कुटत, पाण्यात उकळत आणि वर आलेला तवंग तेवढा काढून घेत. रिसिनचे नावही ठाऊक नसलेल्या बायकांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या नेमकेपणाने सांभाळली, याचा आदर वाटायला हवा.

जुनी सगळीच वहिवाट आज चालवण्यासारखी नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. गरोदरपणात किंवा पोटात अचानक कळा येत असताना एरंडेल घेणे धोक्याचे असते, आणि वारंवार घेतल्यास शरीरातले पाणी व क्षार कमी होतात. कच्ची बी तर मुलांच्या हाती लागूच देऊ नये.

एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला असून त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे. आता हे तेल मुख्यतः वंगण, रंग, साबण आणि एका प्रकारच्या नायलॉनसाठी खपते. औषध म्हणून ते घ्यायचे, तर वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेतशीर आणि क्वचितच.