कड्याचा गोठा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं मोटारीच्या खिडकींतून पाहिलें असेल. उतरून पाहणारे थोडेच. नगरहून आष्टी, जामखेडवरून बीडला जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि आगगाडीच्या बाबतींत त्याची उपेक्षा स्वराज्यांतही फार वर्षें संपली नाहीं. नगर ते नवी आष्टी हा ६६ किलोमीटरांचा लोहमार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाला, तेव्हां कोठें कडा हें स्टेशन झालें. आम्ही याच मार्गानें गेलों.

आमचें जाण्याचें कारण देवदर्शन नव्हतें, कीं लग्नकार्यही नव्हतें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें शेळ्यांचा गोठा स्वतःच्या हातांनीं बांधला होता, आणि 'गुरुजी, एकदां येऊन बघाच' असा त्याचा आग्रह होता. आपल्या घरांत गोठा म्हटला कीं गाईचा. शेळीचें नांव काढल्यास नाकें मुरडलीं जातात. तथापि पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययांच्या प्रकरणांत एका गणाचा आरंभच अजेपासून होतो, आणि दूध न घेण्याचें व्रत घेतलेल्या गांधीजींनीं १९१९ सालीं आजारपणांत अखेर स्वीकारलें तें शेळीचेंच दूध. तेव्हां या प्राण्यास अगदींच उपेक्षणीय मानूं नये.

कड्याच्या आसपासची जमीन पाहिली म्हणजे शेळीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. येथें पावसाचा भरंवसा नाहीं. २०१९ च्या उन्हाळ्यांत जिल्ह्यांत गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. गाय-बैल जेथें दावणीला उपाशी उभे राहतात, तेथें शेळी बाभळीच्या शेंगा, हिवराचा पाला, बांधावरचीं झुडपें यांवर जगते. दसरा-दिवाळी झाली कीं या भागांतलीं कुटुंबें ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जावयाचा, आणि पांचसहा महिने पश्चिम महाराष्ट्रांतल्या नाहींतर कर्नाटकांतल्या कारखान्याच्या फडांत राहावयाचें. पोरें आजीजवळ राहिलीं तर शाळा होते. बरोबर गेलीं तर पाचटाची कोपी हीच त्यांची शाळा. आमच्या या विद्यार्थ्यानें आणि त्याच्या पत्नीनें असे आठ हंगाम काढले. थोरली मुलगी सातवींत आली, म्हातारी आई अंथरुणाला खिळली, आणि मुलगी आतां कोणाजवळ ठेवावी हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर म्हणून हा गोठा.

गोठा सोळा फूट लांब व आठ फूट रुंद आहे. दहा शेळ्या आणि त्यांचीं करडें यांस एवढी जागा पुरते; मोठ्या शेळीस दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर मोकळें आवार त्याच्या दुप्पट, असा सर्वसाधारण हिशेब आहे. लांबी पूर्व-पश्चिम घेतली आहे. सकाळसंध्याकाळचें तिरपें ऊन त्यामुळें आंखूड बाजूंवरच पडतें, आणि पावसाची झड ज्या पश्चिमेकडून येते तेथें सबंध भिंत आहे. खांब बांधावरच्या बाभळीचे. वाळवी लागूं नये म्हणून बुंध्यांस डांबर फांसून ते दगडी तळखड्यांवर उभे केले आहेत. हे तळखडे कोणा पडक्या घराचे, मालकाला विचारून आणलेले. छप्पर दुपाखी, मध्यें दहा फूट, वळचणीला सात. पत्रे जुने विकत घेतलेले, त्यांवर उसाच्या पाचटाचा जाड थर. ज्या पाचटाच्या कोपींत आठ वर्षें काढलीं, तेंच आतां शेळ्यांच्या डोक्यावर आलें आहे, असें त्याची पत्नी हंसत म्हणाली.

जमीन फरशीची कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. मुरूम चोपून घातला असतां मूत्र मुरतें, वरचा थर खरवडून नवा घालतां येतो, आणि शेळीचे खूर ओले राहत नाहींत. उतार नालीकडे तीन इंच. आठवड्यास चुना भुरभुरतात. गव्हाण दीड फूट उंच, तिला उभ्या पट्ट्या. शेळी मान आंत घालून खाते, पाय घालूं शकत नाहीं. पायाखालीं तुडविलेल्या चाऱ्यास शेळी तोंड लावीत नाहीं. या बाबतींत तिचा सोवळेपणा आमच्या आजीच्या तोडीचा म्हणावा लागेल.

सर्वांत अधिक कष्ट जाळीवर पडले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्यें याच आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं. पुढें डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत तो गोळीस बळी पडला. त्या दिवसांत अंधार पडल्यावर कोणी शेताकडे फिरकत नसे. बिबट्या भिंतीवरून उडी घेतो, म्हणून तीन फूट दगडी भिंतीवर थेट पत्र्यापर्यंत तारेची जाळी ठोकली आहे आणि दारास आडणा आहे. खुल्या आवारांत रात्रीं एकही जनावर ठेवीत नाहींत.

दहा शेळ्यांच्या निवाऱ्यास ४९,२८४ रुपये, असें २०२१ च्या शासननिर्णयांत नमूद आहे. त्यांतली जागा साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारें ऐंशी चौरस फूट. आमच्या मतें ती करडांसह अपुरी पडेल. आमच्या यजमानांनीं यादींत नांव येण्याची वाट पाहिली नाहीं. फडावरून परत आल्यावर वैशाखांत पाया खणला आणि मृगापूर्वीं छप्पर घातलें. शेळ्या सर्व उस्मानाबादी, काळ्या कुळकुळीत. ही जात बहुधा जुळीं देते, गाभ पांच महिन्यांचा, आणि नीट निगा राखल्यास दोन वर्षांत तीन वेतें होतात. पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस टोंचलेली आहे.

एवढ्यानें उचलीची भरपाई होते काय? आम्हीं हें स्पष्ट विचारलें. "नाहीं होत, गुरुजी," तो म्हणाला. "पहिल्या वर्षीं तर नाहींच." मुकादम दोनदां येऊन गेला, दोन्ही वेळां त्यास चहा देऊन रिकाम्या हातीं पाठविलें. घरांत किराण्याची उधारी चढली आहे हें पत्नीनें लपविलें नाहीं. पुढल्या वर्षीं काय, याचें उत्तर दोघांनींही दिलें नाहीं.

संध्याकाळीं मुलीनें शेळ्या मोजून आंत घेतल्या. करडें धरून तेरा भरलीं. आम्ही निघतांना तो आम्हांस गोठ्याच्या पूर्वेस घेऊन गेला. तेथें आठ फुटांवर आणखी दोन तळखडे पुरून ठेवले होते. त्यांवरचे खांब कार्तिकांत, बाभूळ तोडली म्हणजे, बसवावयाचे आहेत.